न वाजणारं दार

माझं दुकान दारांचं आहे, त्यामुळे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी दारं वाजवून बघतं, कलिंगड घ्यायला आल्यासारखं. त्यातून कुणाला काही कळत नाही, पण मान मात्र सगळे डोलावतात. मी गल्ल्यामागे बसून गंमत बघते. मग ठरलेला प्रश्न येतो, "फ्लश डोअर म्हणजे ते संडासाचं दार ना हो?"

नाही हो, नाही! हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला आहे. त्या पाण्याच्या टाकीशी ह्या दाराचा काडीचा संबंध नाही. फ्लश म्हणजे सपाट, एका पातळीतलं. लाकडाची चौकट करायची, तिच्यात पट्ट्या भरायच्या, दोन्ही अंगांनी प्लायवूड चिकटवून दाबायचं, की झालं फ्लशचं दार. पॅनेलच्या दाराचं तसं नसतं. त्याच्या बरगड्या उघड्यावर असतात. दमट हवेत ते फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, दिवसभर कुरकुरतं, पण जे काही करतं ते तुमच्या डोळ्यांदेखत करतं. फ्लशचं दार दिसायला गुळगुळीत, पुसायला सोपं, वजनाला हलकं आणि खिशालाही परवडणारं. फक्त त्याच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही. भरीव आहे की पोकळ, हे ते बनवणाऱ्यालाच माहीत.

ती बाई आली तेव्हा तिनं एकाही दाराला हात लावला नाही. दोन्ही हात काखेत घट्ट धरून ती दुकानाच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, वाजणार नाही असं दार मिळेल का?"

माझी जीभ जरा सैलच आहे. मी म्हणाले, "दार आपणहून कुठलं वाजायला? वाजवणारा लागतो की!"

तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. मी स्टूल पुढे केलं. ती बसली, पाणी प्यायली, आणि मग हळूहळू सांगायला लागली.

तिची आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि गेली. वडील तेव्हा घरातच होते, पण बाथरूमचं दार आतून लावलेलं, त्यांना काही ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. ही एकुलती एक लेक, दुसऱ्या गावी नोकरीला. आईचं सगळं आटोपून ती वडिलांना आपल्या घरी न्यायला थांबली, तर ते जागचे हलायला तयार नाहीत.

"का म्हणून?"

"दार वाजतं म्हणतात. बाथरूमचं. आतून." तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं. "वाजलं की धावत जाऊन उघडतात. धावताना दोनदा पडले. कपाळाला टाके पडलेत. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडले तर अवघड आहे. मी म्हणते बाबा, चला माझ्याकडे. तर म्हणतात, मी गेलो आणि दार वाजलं, तर उघडणार कोण?"

"या वयात असे भास होतात हो," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं होतं." आता तिनं माझ्याकडे बघितलं. "परवा बाबा बाल्कनीत होते. मी स्वयंपाकघरात एकटी. मलाही ऐकू आलं. आणि ताई, मीही धावले."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. लाकूड काय काय आवाज काढू शकतं ते मी आयुष्यभर ऐकत आले आहे. बाथरूमचं दार म्हटल्यावर कुठंतरी पाणी मुरतंय हे मी तिथंच ओळखलं. छाती ठोकून सांगितलं, "रडू नका. मी तुम्हाला भरीव, पाणी न लागणारं दार देते. दार बदललं की तुमचे बाबा तुमच्या घरी." तिची रजा संपत आली होती. तिनं माझा हात धरला आणि सोडेचना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी माप घ्यायला गेले. घर छोटं पण टापटीप होतं. बैठकीच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या खिडकीकडे तोंड करून होत्या, एक सोडून. ती बाथरूमच्या दाराकडे वळवलेली होती आणि तिच्यात काका बसले होते. शर्टाची बटणं नीट लावलेली, कपाळावर पट्टी, बाजूच्या स्टुलावर साय धरलेला चहा. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते खूपच शहाण्यासारखे बोलले.

"तुम्ही दारवाल्या बाई का? या. हिच्या समाधानासाठी घ्या माप."

मी टेप घेऊन बाथरूममध्ये शिरले. दार आणि चौकटीतली फट बघायला दार लोटून घेतलं. कडीच्या जागी प्लायवूडला चार भोकं पडलेली होती आणि कडी त्यांच्याखाली नव्यानं लावलेली होती. ते मी बघितलं आणि पुढे गेले. मग मी जे करायला नको होतं ते केलं. सवयीनं उकिडवी बसले आणि बोटाच्या पेरानं दाराची खालची बाजू वाजवली. दार पाण्यानं कुजतं ते तिथूनच, म्हणून आम्ही दारवाले आधी तिथंच वाजवतो.

बाहेर खुर्ची आपटली. "आलो, आलो! आलो गं!"

दार धाडकन उघडलं, माझ्या खांद्यावर आदळलं. काका दारात उभे होते, धापा टाकत, दोन्ही हात पुढे करून. ते घाबरलेले असतील असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण त्या चेहऱ्यावर आनंद होता, नुसता आनंद. मग त्यांना खाली बसलेली मी दिसले, हातातली टेप दिसली.

"तुम्ही होय," ते म्हणाले.

मागे वळून त्यांनी पडलेली खुर्ची सरळ केली, होती तिथंच ठेवली आणि बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'चुकून वाजलं काका, सवयीनं वाजवलं,' असं मी दोनदा म्हणाले. ते म्हणाले, चालायचंच.

मी बाहेर येऊन वहीत मापं लिहीत होते. लेक बापाच्या पट्टीवर हात ठेवून टाके उसवले का बघत होती. दार बंद होतं, आणि आम्ही तिघंही बाहेर होतो.

टक. टक टक.

आवाज खालून आला, गुडघ्याच्या उंचीवरून. नुकतंच मी जिथं वाजवलं होतं तिथूनच. उभ्या माणसाचा हात तिथं पोचत नाही. जमिनीवर पडलेल्या माणसाचा पोचतो.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं लाकडात काढली, पण त्या क्षणी मला लाकूड आठवलं नाही. काका तोपर्यंत दारापाशी पोचलेही होते. त्यांनी दार उघडलं. आत बादली, प्लॅस्टिकचा मग, गळणारा नळ. त्यांनी वाकून दाराच्या मागेही बघितलं, दार हळूच लोटलं आणि परत येऊन बसले. लेकीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

दार तयार होऊन यायला काही दिवस लागले. लेक रोज फोन करायची. दार आलं का विचारायची आणि मग नुसतीच गप्प राहायची. मागे कुठं काही वाजतंय का ते मी कान देऊन ऐकायचे आणि माझं मलाच हसू यायचं. खरं तर हसू येत नव्हतं.

शेवटी दार आलं आणि मी मिस्त्रींना घेऊन निघाले. आमच्या मिस्त्रींना सगळे सावकाश मिस्त्री म्हणतात, कारण त्यांच्या तोंडी तेवढा एकच शब्द असतो. जिन्यातून नवीन दार वर नेताना त्यांनी तो इतक्या वेळा म्हटला की काकासुद्धा गालात हसले. लेक म्हणाली, "तुम्ही आहात तोवर मी बाबांच्या पट्ट्या आणि औषधं घेऊन येते." ती गेली.

मी जुन्या दाराला तळवा लावून उभी राहिले. बाथरूमच्या वरच्या झडपेच्या खिडकीतून वारा आला, दार चौकटीत किंचित हललं आणि माझ्या तळव्याखाली काहीतरी टकटकलं. मी तळवा दाबून धरला तर आवाज थांबला. झडप बंद केली तर अजिबात आला नाही. माझा जीव भांड्यात पडला. मग मला चेवच चढला.

"मिस्त्री, काढा हे दार. आडवं घाला. खालून कापा."

दोन स्टुलांवर दार आडवं घातलं. खालची कड फुगून भुसभुशीत झाली होती, बोट लावलं की भुगा पडत होता. मिस्त्रींनी प्लायवूडचा पापुद्रा कापून काढला. आत नुसती पोकळी होती आणि मध्ये मध्ये पट्ट्या. एका पट्टीचं खालचं टोक सुटून लोंबत होतं. मी ते बोटानं हलवलं. टक टक.

"हे घ्या काका, तुमचं भूत!" मी म्हणाले. आपण किती शहाणे हे दाखवायची एवढी खुमखुमी मला आयुष्यात कधी आली नव्हती. "पोकळ दार, तेही साधं. पाण्यानं चिकटवण सुटली, पट्टी मोकळी झाली, वारा आला की वाजते. बास! असलं फ्लशचं दार बाथरूमला लावतं का कोणी? कुठल्या शहाण्यानं आणलं हे?"

"मी," काका म्हणाले.

मी पट्टीवरचं बोट काढून घेतलं.

"आधी पॅनेलचं होतं. फुगून अडकायचं. आमच्या हिला दोन्ही हातांनी ओढायला लागायचं. मग मी नवीन आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, फ्लश डोअर घ्या. मला वाटलं नावातच फ्लश आहे, म्हणजे बाथरूमचंच असणार. ही म्हणत होती, एकदा विचारून तरी घ्या. मी म्हटलं, त्यात विचारायचंय काय?" ते उघड्या दाराच्या पोटाकडे बघत होते. "तेव्हापासून वाजतं."

"तेव्हापासून म्हणजे? काकू गेल्यापासून ना?"

"नाही हो. दार आणलं, त्यानंतर थोड्याच दिवसांनी वाजायला लागलं. लाकूडच आहे ते. मला काय कळत नाही? सुरुवातीला मी उठायचो. दारापाशी जाऊन विचारायचो, काय गं, काय हवंय? तर ही स्वयंपाकघरातून हसायची, अहो मी इकडे आहे! असं किती वेळा झालं. मग मी उठायचं सोडलं. वाजलं की म्हणायचो, वाजू दे. तीही म्हणायची, वाजू दे."

मिस्त्रींच्या हातातली करवत तशीच राहिली. मला कळत होतं, आणि कळू नये असंही वाटत होतं.

"त्या दिवशी..." मी म्हणाले.

"त्या दिवशीही म्हटलं, वाजू दे."

बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. तिच्या किकांचे आवाज येत राहिले.

"पण काका, आता का उठता मग? लाकूड आहे हे माहीत असून?"

"तेव्हाही माहीतच होतं की मला," ते म्हणाले, "लाकूड आहे म्हणून."

मी भिंतीला टेकले. ते पुढे बोलत राहिले, कुणाला तरी पत्ता सांगावा तसं, शांतपणे. "त्या दिवशी शेवटी मीच ढकललं. एका धक्क्यात उघडलं हो. कडी स्क्रूंसकट बाहेर आली. मला वाटलं होतं, माणसं बोलवायला लागतील."

पोकळ दारात स्क्रू धरत नाही. कडी-कुलपाच्या बाजूला तेवढा भरीव ठोकळा असतो, आणि ज्यानं कोणी हे दार बसवलं होतं त्यानं ते उलटं लावून तो ठोकळा बिजागरीकडे घातला होता. हे मी त्यांना सांगितलं नाही. माझं ज्ञान त्या दिवशी मी पहिल्यांदाच गिळलं.

"मुलीला माहीत आहे?"

"तिला सांगितलंय, ऐकू आलं नाही."

मग करण्यासारखं एकच काम होतं, ते आम्ही केलं. नवीन दार बसवलं. मिस्त्रींनी बिजागऱ्या इतक्या नीट बसवल्या की दार बोटानं ढकललं तरी फिरत होतं आणि बंद होताना नुसता उसासा टाकत होतं. भरीव दार, कडांना पाणी लागू नये म्हणून लेप दिलेला. इतकं चांगलं दार मी क्वचितच कुणाच्या घरी लावलं असेल. लेक औषधं घेऊन आली, दाराकडे बघून तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि आमच्यासाठी चहा टाकला.

आम्ही चहा घेत बसलो. झडप उघडी होती, वारा येत होता, आणि दार वाजत नव्हतं. लेक मला डोळ्यांनीच बघा म्हणाली. मीही डोळ्यांनीच बघा म्हणाले.

काका उठले. त्यांनी दार उघडलं, आत बघितलं, दाराच्या मागे बघितलं, दार लोटलं आणि येऊन बसले.

माझा कप संपायच्या आत ते पुन्हा उठले. उघडलं, बघितलं, लोटलं, बसले. खुर्चीला पाठ टेकते न टेकते तोच परत उठले. पूर्वी दार वाजेपर्यंत तरी बसायचे. आता बसणंच संपलं होतं. पाय थरथरत होते. एकदा चौकटीला धरून थांबले आणि मला वाटलं, आता पडतात.

"बाबा!" लेक रडकुंडीला आली. "आता वाजत नाहीये ना?"

"नाही ना," ते म्हणाले.

"मग का उठता?"

"वाजतच नाही म्हटल्यावर कळणार कसं?" त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की जणू आम्हीच वेडे. "आत कोणी असलं तर?"

मी हात टेकले. मी दारं विकते. पॅनेलची, फ्लशची, पोकळ, भरीव, प्लॅस्टिकची, काचेची. प्रत्येक दार कशाला चांगलं ते मला तोंडपाठ आहे. ह्या माणसाला लावण्यासारखं एकही दार माझ्याकडे नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की मी कप खाली आदळला.

"मिस्त्री, दार काढा."

"कुठलं?"

"हेच. आत्ता बसवलंय ते."

"अहो ताई!" लेक म्हणाली. "बाथरूमला दार नको?"

"नको. ज्याला जायचं असेल तो शेजारी जाईल, नाहीतर पडदा लावेल. काढा हो मिस्त्री, बघताय काय?"

मिस्त्रींनी बिजागऱ्यांचे खिळे वर ठोकून काढले. दोघांनी मिळून दार उचललं आणि भिंतीला लावून ठेवलं. मग खोलीत नुसती चौकट राहिली. खुर्चीवरून सगळं दिसत होतं. ओली फरशी, नळ, बादली, खुंटीवरचा टॉवेल, आणि कोपऱ्यात पाणी जायची जाळी. दाराच्या मागे असं काही राहिलंच नव्हतं.

काका खुर्चीच्या टोकाशी बसून बघत राहिले. आम्ही कोणी हललो नाही. वारा झडपेतून आला, चौकटीतून सरळ खोलीत शिरला आणि कॅलेंडरची पानं हलली. कशाचा आवाज झाला नाही.

"नाही कोणी," ते म्हणाले.

लेक त्यांच्याजवळ खाली बसली. त्यांच्या गुडघ्यावरच्या हातावर तिनं हात ठेवला. "नाही, बाबा. कोणी नाही."

"मला ऐकू आलं होतं गं," ते म्हणाले. "त्या दिवशी. ती वाजवत होती, ते मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, दारच आहे."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मला हे आधीच माहीत होतं हे तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार. मी मान खाली घातली. मिस्त्री हत्यारं पिशवीत भरायला लागले, आवाज न करता, एकेक करून.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

ते चौकटीकडे बघत राहिले.

"किती वेळ वाजवत होती, बाबा?"

"माझा पेपर वाचून होईपर्यंत."

तिनं हात काढून घेतला. बापाकडे पाठ करून ती त्या उघड्या चौकटीकडे तोंड करून बसली, आणि मला वाटलं, संपलं, आता ही उठून निघून जाईल आणि हा माणूस इथंच ह्या खुर्चीत मरेल. तिचे खांदे हलत होते. काका तिच्या पाठीकडे बघत होते आणि त्यांना हात पुढे करायचं धाडस होत नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती उठली. तोंड पुसलं. त्यांच्याकडे न बघता खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं तिनं आपल्या मुठीत घेतली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "चला. कपडे भरू या तुमचे."

काका उठले. आतल्या खोलीकडे जाताना दोघांना त्या चौकटीसमोरूनच जावं लागत होतं. तिथं त्यांचं पाऊल अडलं, लेकीचंही अडलं. मग तिनं त्यांचा हात ओढला आणि ती दोघं पुढे गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मी आणि मिस्त्रींनी नवीन दार दोन्ही बाजूंनी धरलं आणि जिना उतरायला लागलो.